शिवार आणि आभाळ: कुंभार पिंपळगावच्या मातीचा हवेशी चाललेला व्यवहार

जून संपत आला, मृग कोरडा गेला आणि आर्द्राही तशीच जाण्याची चिन्हे दिसू लागली, की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एकच विषय निघतो. मराठवाड्यातील आपल्या ग्रामीण बंधुभगिनींना हा अनुभव नवा नाही. कोणी म्हणते, झाडे तोडली म्हणून पाऊस गेला. कोणी म्हणते, धरणाच्या पाण्यावर ऊस उभा राहिला तेव्हापासून हवा बदलली. आणि कोणी हे सारे उडवून लावते: पाऊस समुद्रावरून येतो, त्याला आपल्या बांधावरच्या बाभळीचे काय?

ह्या तिन्ही बोलण्यांत काही अंशी तथ्य आहे आणि तिन्ही अपुरी आहेत. हवामान ही वरून येणारी गोष्ट, आणि जमीन ती निमूटपणे झेलणारी, अशी आपली समजूत असते. वास्तविक जमीन दररोज हवेला काही ना काही परत देत असते. उष्णता देते, वाफ देते, धूळ देते. ती काय देते आणि किती देते, ह्यावर आपल्या डोक्यावरची हवा कशी राहील हे पुष्कळ प्रमाणात ठरते. हा व्यवहार कसा चालतो, त्यात माणसाचा हात किती आणि त्याच्या हाताबाहेरचे किती, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणासाठी जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावचे शिवार घेऊ.

हे गाव घनसावंगी तालुक्यात आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब ह्याच तालुक्यातले. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते आणि पलीकडे बीड जिल्हा लागतो. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा घनसावंगी तालुक्यातून पुढे परभणीकडे जातो, त्यामुळे तालुक्याचा काही भाग कालव्याच्या पाण्यावर ओला आणि काही भाग निव्वळ पावसाच्या भरवशावर, असे चित्र दिसते. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी, मोसंबी आणि ऊस ही पिके येथे घेतली जातात. जिल्ह्याची पावसाची सरासरी साधारणपणे ६५० ते ७५० मिलिमीटरांच्या दरम्यान, आणि वनक्षेत्र राज्यात सर्वांत कमी असलेल्या जिल्ह्यांच्या बरोबरीचे.

एवढाच पाऊस का, ह्याचे पहिले उत्तर जमिनीच्या आकारात आहे. अरबी समुद्रावरून येणारा ओला वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, थंड होतो आणि आपले बहुतेक पाणी तेथेच टाकून देतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. तेथून घाट उतरून वाईला आले की तो हजार मिलिमीटरही भरत नाही. मराठवाडा ह्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात आणखी पूर्वेला आहे. येथील बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे आणि जूनमध्ये व सप्टेंबरमध्ये दुपारनंतर जमणाऱ्या गडगडाटी ढगांतून पडतो. डोंगर हलवणे कोणाच्या हाती नाही. मात्र जमिनीचा पृष्ठभाग उघडा ठेवावयाचा की झाकलेला, कोरडा की ओला, हे बव्हंशी माणूस ठरवतो, म्हणून आपण तिकडे वळू.

माठाची गोष्ट

गावाच्या नावातच कुंभार आहे, तेव्हा माठापासून आरंभ करणे सोयीचे. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते आणि उडून जाते. पाण्याचे वाफेत रूपांतर होण्यास उष्णता लागते. ती माठातील पाण्यातून घेतली जाते आणि आतले पाणी गार होते. ओली जमीन म्हणजे असाच एक अफाट पसरलेला माठ होय. सूर्याची उष्णता तिच्यावर पडते, तेव्हा त्यातला मोठा भाग पाणी उडवण्यात खर्च होतो आणि थोडाच भाग हवा तापवण्यासाठी उरतो. जमीन कोरडी असेल तर उडवायला पाणीच नसते. मग जवळजवळ सगळी उष्णता माती आणि तिच्यालगतची हवा तापवण्यात जाते.

हा हिशेब केवढा मोठा आहे ते पाहा. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास जी ऊर्जा लागते ती विजेच्या भाषेत सुमारे दोन तृतीयांश युनिट भरते. भर वाढीतले पीक दिवसाला ४ मिलिमीटर पाणी सहज हवेत सोडते. एका एकरावर ४ मिलिमीटर म्हणजे सुमारे १६ हजार लिटर. अर्थात एका एकराचे हिरवे पीक एका दिवसात सुमारे ११ हजार युनिटांएवढी उष्णता हवेला तापवू न देता वाफेत साठवून ठेवते. गावातील सगळे कूलर एकत्र लावले तरी त्याच्या पासंगाला पुरणार नाहीत. ही उष्णता नाहीशी होत नाही, ती उसनी घेतलेली असते. ती वाफ वर जाऊन जेथे ढग बनते, तेथे ती परत केली जाते आणि त्या उष्णतेच्या बळावरच ढग आणखी उंच चढतो.

गावाच्या नावात पिंपळही आहे. माती फक्त वरच्या थरातले पाणी उडवू शकते. वरची काही बोटे सुकली की उघड्या जमिनीची वाफ एकदम मंदावते. झाडाचे तसे नाही. त्याची मुळे खोलवरची ओल ओढून पानांच्या सूक्ष्म छिद्रांवाटे हवेत सोडतात. पिंपळाला नवी पालवी फुटते ती ऐन चैत्राच्या उन्हात, आणि तेव्हाही तो हवेत वाफ सोडत असतो. त्याच्या खाली गारवा वाटतो तो केवळ सावलीचा नव्हे.

काळ्या जमिनीचा स्वभाव

मराठवाड्याची काळी माती ह्या व्यवहारात एक विशेष गिऱ्हाईक आहे. ती काळी असल्यामुळे आलेल्या उन्हापैकी जेमतेम दहावा ते सातवा हिस्सा परत फेकते, तर हिरवे पीक पाचव्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही अधिक परतवते. मे महिन्यात नांगरून उघडी टाकलेल्या काळ्या रानाचा पृष्ठभाग दुपारी ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो, जरी सावलीतल्या हवेचे तापमान ४२ अंश असले तरी. अनवाणी चालणाऱ्या मजूर स्त्रीला हे कोणी शिकवावे लागत नाही.

गंमत अशी की ही उष्णता खोल जात नाही. कोरडी माती उष्णतेची वाईट वाहक आहे. दिवसाच्या तापण्या-निवण्याचा परिणाम अर्ध्या मीटरच्या आतच विरून जातो. आपल्या पूर्वजांनी ज्वारी साठवण्यासाठी जमिनीत पेवे काढली ती ह्याच गुणाच्या आधारावर. समुद्राचे नेमके उलटे आहे. त्याचे पाणी ढवळले जाते, म्हणून उष्णता खोलवर साठते आणि पृष्ठभाग फारसा तापत नाही. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश, आणि ह्या फरकातून वारे वाहतात, हा विचार एडमंड हॅली ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६८६ मध्ये मांडला. मोसमी वाऱ्यांचे आजचे स्पष्टीकरण त्याहून बरेच गुंतागुंतीचे आहे, तरी तापलेल्या भूखंडाचे स्थान त्यातून गेलेले नाही. भारतातील हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड ह्यांनी १८८४ मध्ये हिमालयावरील बर्फ आणि पुढच्या पावसाळ्याची तूट ह्यांचा संबंध जोडून दाखवला, तेव्हा जमिनीच्या अवस्थेवरून पावसाचा अंदाज बांधण्याचा तो पहिला प्रयत्न होता.

काळ्या मातीचा दुसरा गुण म्हणजे ओल धरून ठेवण्याची ताकद. चांगल्या खोल काळ्या जमिनीच्या एका मीटर थरात पिकाच्या उपयोगी पडेल असे १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावते, म्हणजे जिल्ह्याच्या वार्षिक पावसाचा जवळपास पाव हिस्सा. हस्ताच्या पावसाने भरलेल्या अशा रानात पेरलेला शाळू पुढे एकही सर न पडता माघ महिन्यापर्यंत उभा राहतो. हवेच्या बाजूने पाहिले तर याचा अर्थ असा, की सप्टेंबरच्या अखेरीस आभाळाने दिलेले पाणी जमीन डिसेंबर-जानेवारीत हप्त्याहप्त्याने आभाळाला परत करते. मुरमाड, उथळ जमिनीवर तोच पाऊस आठ-दहा दिवसांत संपतो.

मे महिन्यातले कोरडे वादळ

येथे एका नेहमीच्या अनुभवाचा उलगडा करता येतो. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास आभाळ काळेभोर होते, जोराचा वारा सुटतो, गोठ्यावरचे पत्रे उडतात, मोसंबीची फळे गळतात, आणि पाऊस मात्र चार थेंब. असे का व्हावे?

ढगाचा तळ किती उंचीवर असेल ह्याचा एक ढोबळ नियम आहे. हवेचे तापमान आणि दवबिंदू (म्हणजे ज्या तापमानाला हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते ते) ह्यांच्यातील दर अंशाच्या फरकाला सुमारे १२५ मीटर उंची धरावी. मे महिन्यात हवा ४२ अंश आणि दवबिंदू १२ अंश असेल तर फरक ३० अंशांचा, आणि ढगाचा तळ पावणेचार किलोमीटर उंच. जुलैमध्ये हवा ३० अंश आणि दवबिंदू २२ अंश असेल तर तोच तळ एका किलोमीटरवर येतो. मे महिन्यात एवढ्या उंचावरून पडणारा थेंब खालच्या कोरड्या, तापलेल्या हवेतून येता येता वाटेतच उडून जातो. उडताना तो हवेची उष्णता घेतो, पुन्हा तोच माठाचा न्याय. ती हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चारी बाजूंना धावते. पत्रे उडवणारा वारा तो हाच. जमिनीत ओल नसल्याने ढग उंच गेला, ढग उंच गेल्याने पाऊस हवेत विरला, आणि पाऊस विरल्याने जमीन पुन्हा कोरडीच राहिली.

दुष्काळ स्वतःला कसा लांबवतो, ह्याचे बीज येथे आहे. दुष्काळाचा आरंभ जमीन करीत नाही. तो समुद्राच्या तापमानातील बदलांतून, वाऱ्यांच्या मोठ्या रचनेतून येतो. पण एकदा पावसाने दगा दिला, पीक उगवले नाही, रान उघडे राहिले, की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हवेला जी वाफ मिळावयास हवी ती मिळत नाही. ढगांना वाव कमी होतो आणि ऊन अधिक लागते. पुढचा उन्हाळाही मग अधिक कडक जातो, कारण तापमान रोखून धरणारी ओल मातीत उरलेली नसते. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली वडीलधारी माणसे आजही त्या वर्षीच्या उन्हाविषयी बोलतात. २०१२-१३ मध्ये जालना जिल्हा दुष्काळाच्या केंद्रस्थानी होता आणि मोसंबीच्या बागांच्या बागा वाळून गेल्या; एकदा वाळलेली मोसंबीची बाग पुन्हा उभी करून फळावर आणण्यास पाच-सहा वर्षे जातात. त्यानंतर २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे लागोपाठ तुटीची गेली.

आपल्या शेतातली वाफ कोठे जाते?

आता चर्चच्या आवारातल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. झाडे लावली, शेते हिरवी ठेवली, तर आपल्या गावावर अधिक पाऊस पडेल काय?

प्रामाणिक उत्तर असे आहे की एका गावाच्या बाबतीत, नाही. हवेत गेलेली वाफ पाऊस होऊन पडेपर्यंत सरासरी आठ-दहा दिवस वाऱ्याबरोबर प्रवास करते. पावसाळ्यात आपल्याकडचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. कुंभार पिंपळगावच्या सोयाबीनने सोडलेली वाफ विदर्भात, तेलंगणात किंवा आणखी दूर कोठेतरी पडेल. आपल्यावर पडणाऱ्या सरीत कोठल्या तरी पश्चिमेकडच्या शिवाराचा वाटा असेल. ‘एक झाड, एक ढग’ अशा धर्तीच्या घोषणा वृक्षारोपणाच्या फलकांवर शोभतात. त्या खऱ्या मानून शेतकऱ्याने पावसाची वाट पाहू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. झाडे लावण्याची इतर कारणे भरपूर आहेत आणि ती पुरेशी आहेत.

परंतु एका गावाऐवजी हजारो गावांचा विचार केला की उत्तर बदलते. २००४ मध्ये ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात एक जागतिक अभ्यास प्रसिद्ध झाला. हवामानाची बारा वेगवेगळी संगणकीय प्रारूपे चालवून शास्त्रज्ञांनी तपासले, की मातीतील ओलीचा पावसावर परिणाम पृथ्वीवर कोठे सर्वाधिक जाणवतो. अशा मोजक्या प्रदेशांत उत्तर अमेरिकेची मैदाने, आफ्रिकेतील सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा पट्टा आणि आपला भारत होता. ह्याचे कारण समजण्यासारखे आहे. निव्वळ वाळवंटात उडायला पाणी नसते. कायम ओल्या जंगलात पाण्याचा तुटवडाच नसतो, त्यामुळे थोड्याफार ओलीने फरक पडत नाही. जेथे कधी ओल, कधी कोरड, अशी अवस्था असते तेथेच मातीची ओल निर्णायक ठरते. मराठवाड्याचे वर्णन ह्याहून नेमक्या शब्दांत करणे कठीण.

मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी पुढे दाखवून दिले की भारतातल्या काही भागांत, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्येकडे, पावसाळ्याच्या अखेरीस पडणाऱ्या पावसाचा वीस ते पंचवीस टक्के भाग हा त्या प्रदेशातील वनस्पतींनी आणि जमिनीनेच परत दिलेल्या वाफेचा असतो. पावसाळ्याच्या आरंभी सारी भिस्त समुद्रावर असते. शेवटी शेवटी जमीनही हातभार लावते. त्याच संस्थेतून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, वृक्षाच्छादित जमिनीची शेतजमीन झाल्यामुळे वाफ घटली आणि त्यामुळे मोसमी पावसाचा हा परतीचा वाटा कमी झाला. म्हणजे ‘झाडे तोडली म्हणून पाऊस गेला’ हे म्हणणे गावापुरते चुकीचे असले तरी देशाच्या पातळीवर अगदीच निराधार नाही.

येथे आणखी एक पेच आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. ओल्या जमिनीवरच अधिक पाऊस पडतो असे मानावे, तर उपग्रहांच्या निरीक्षणांवर आधारलेल्या २०१२ च्या एका अभ्यासात उलटेच आढळले: दुपारचा गडगडाटी पाऊस आजूबाजूच्या मानाने कोरड्या असलेल्या तुकड्यांवर अधिक वेळा पडतो. ह्याची संगती अशी लागते. कोरडा तुकडा अधिक तापतो, त्यावरची हवा वर चढते, आणि शेजारच्या ओल्या भागावरची दमट, गार हवा तिची जागा घेण्यास सरकते. समुद्रकिनाऱ्यावर दुपारी जसा खारा वारा सुटतो, तसाच. दोन्हींची गाठ पडते त्या सीमेवर ढग उभा राहतो. २०१६ मध्ये भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी विमानातून उत्तर भारतावर अशीच निरीक्षणे केली, तेव्हा सिंचनाखालचा आणि कोरडा भाग ह्यांच्यातील फरकाचा ठसा वरच्या हवेतही उमटलेला दिसला. थोडक्यात, ढग उठण्यास ऊब लागते आणि ओलही लागते, आणि दोन्ही एकाच वावरातून मिळाली पाहिजेत असे नाही. शेतकऱ्याचा ‘वाफसा’ हा शब्द मातीत ओल आणि हवा योग्य प्रमाणात असण्याला वापरला जातो. आभाळालाही काहीसा वाफसाच हवा असतो.

कालवा, ऊस आणि घाम

डाव्या कालव्याच्या कडेने उन्हाळ्यात प्रवास केला तर हवेतील फरक अंगाला जाणवतो. एका बाजूस भेगाळलेले रान, दुसऱ्या बाजूस उसाचा हिरवा पट्टा. ऊस एप्रिल-मे महिन्यांत दिवसाला ६-७ मिलिमीटर पाणी हवेत सोडतो. वर्षाची त्याची गरज १,५०० ते २,५०० मिलिमीटर, म्हणजे जिल्ह्यात पडणाऱ्या पावसाच्या दुप्पट-तिप्पट. उरलेले पाणी कालव्यातून किंवा जमिनीच्या पोटातून येते. हे पाणी शेवटी वाफ होऊन पूर्वेकडे निघून जाते, हे आपण वर पाहिलेच. उघड्या पाण्याचेही तेच. एप्रिल-मे महिन्यांत जलाशयातून दररोज ८ ते १० मिलिमीटर पाणी उडते. नाथसागर पूर्ण भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतो. उन्हाळ्यात तो निम्म्यावर आला असे धरले तरी रोज शंभर कोटी लिटरहून अधिक पाणी वाफ होऊन जाते. ‘एवढी वाफ उठते, तर आपल्याकडे पाऊस का नाही?’ असा प्रश्न अनेकांना पडतो. ती वाफ उठते हे खरे, परंतु ढग उभा करणारे बाकीचे घटक त्या दिवसांत नसतात, आणि वारा तिला थांबू देत नाही.

ओलिताने हवा गार होते, तर मग उसाचा पट्टा सुखाचा म्हणावा काय? येथेच खरा प्रश्न आहे आणि तो उसाच्या फडात काम करणाऱ्या माणसांचा आहे.

जून महिन्यात, पाऊस येण्यापूर्वीच्या दमट दिवसांत, माठातले पाणी गार होत नाही हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. हवेत आधीच वाफ भरलेली असते, त्यामुळे माठाचे पाणी उडत नाही. माणसाचे शरीरही असाच एक माठ आहे. घाम उडाला तरच अंग निवते. हवा ४३ अंश पण कोरडी असेल तर पाणी भरपूर पिऊन आणि सावली धरून शरीर निभावून नेते. हवा ४० अंश पण दमट असेल तर घाम नुसता ओघळतो, उडत नाही, आणि आतील उष्णता बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो. गांधीनगरच्या आयआयटीतील आणि इतर संशोधकांनी २०२० मध्ये ‘नेचर जिओसायन्स’ मध्ये नेमके हेच मांडले. उत्तर भारत व शेजारच्या प्रदेशातील दाट सिंचनामुळे जमिनीचा पृष्ठभाग सुमारे १ अंशाने आणि हवा अर्ध्या अंशाने गार झाली, परंतु आर्द्रता वाढल्यामुळे माणसाला जाणवणारा दमट उष्म्याचा ताण मात्र वाढला. ओली जमीन हवेचा खालचा थर उंच वाढू देत नाही, म्हणून तेवढीच वाफ कमी जागेत कोंडली जाते.

तो अभ्यास प्रामुख्याने उत्तरेकडील मोठ्या ओलिताच्या मैदानांविषयी आहे. मराठवाड्यातील उसाचे पट्टे त्या मानाने लहान आणि विखुरलेले आहेत, हे सांगितले पाहिजे. परंतु फडाच्या आत, जेथे वारा शिरत नाही आणि चोहोबाजूंनी पाने वाफ सोडीत असतात, तेथे ऊसतोड करणाऱ्या जोडप्याला वेगळ्या अभ्यासाची गरज नाही. पूर्वी उसाची तोड थंडीच्या महिन्यांत बहुतांशी आटोपत असे. २०२१-२२ च्या हंगामात ऊस एवढा झाला की मराठवाड्यातील गाळप जून महिन्यापर्यंत लांबले आणि मजूर ऐन वैशाखात फडात होते. थर्मामीटरवरचा आकडा पाहून कामाच्या वेळा ठरवणे अशा ठिकाणी पुरेसे नाही; हवेतील ओलही पाहावी लागेल. पहाटे लवकर तोड सुरू करून दहाच्या आत थांबणे, दुपारी फडाबाहेर सावलीत बसणे, आणि अंग तापले असताना घाम येईनासा झाला, बोलण्यात गोंधळ दिसला तर त्या व्यक्तीला ताबडतोब सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतून वारा घालणे व दवाखान्यात हलवणे, हे प्रत्येक मुकादमाला आणि प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावयास हवे. हवेतली वाफ वाढते आहे ह्याचा पहिला फटका ज्यांच्या नावावर एक गुंठाही नाही अशांना बसतो.

कडवंचीचे शिवार

मग जमिनीच्या बाजूने काय करता येते? जालना जिल्ह्यातच ह्याचे एक उत्तर उभे आहे. जालना तालुक्यातील कडवंची गावात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने पाणलोटाचे काम झाले. बांधबंदिस्ती, उतारावर चर, ओढ्यांवर बंधारे, आणि पुढे शेततळी. हा कार्यक्रम महाराष्ट्रात आणण्यात स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर ह्यांचा मोठा वाटा होता. १९९३ मध्ये त्यांच्या प्रेरणेने अहमदनगर येथे (आताचे अहिल्यानगर) ‘वॉटर’ ही पाणलोट संस्था उभी राहिली. २०२१ मध्ये ते निवर्तले. आपल्या धर्मप्रांतातील वाचकांना त्यांचे नाव अपरिचित नसावे, जरी त्यांच्या कामाचा हवामानशास्त्राशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

ह्या कामाने कडवंचीचा पाऊस वाढला असे नव्हे. पडलेला पाऊस शिवारात किती दिवस टिकतो, ते बदलले. पूर्वी जे पाणी तासाभरात ओढ्याने वाहून जाई ते मातीत आणि विहिरींत उतरले आणि महिनोन् महिने पिकांच्या वाटे सावकाश हवेत जाऊ लागले. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील बागा वाळत असताना कडवंचीच्या द्राक्षबागा तगून राहिल्या. त्याच वेळी एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. प्लास्टिक अंथरलेले शेततळे विहिरीच्या पाण्याने भरून उन्हात उघडे ठेवणे म्हणजे भूगर्भातले पाणी आभाळाला दान करणे होय. एप्रिल आणि मे ह्या दोन महिन्यांत त्यातून अर्धा मीटर पाणी उडते. मातीच्या आत, पाल्यापाचोळ्याच्या आच्छादनाखाली ठेवलेले पाणी त्या मानाने फारच कमी उडते.

आच्छादनाबद्दल थोडे अधिक. उसाचे पाचट आणि सोयाबीनचे काड शेतात जाळण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. जाळल्याने रान पुन्हा काळे आणि उघडे होते, ऊन अधिक शोषते, आणि धुराचे कण हवेत राहतात ते वेगळेच. तेच पाचट सरींत पसरले तर ऊन मातीपर्यंत पोहोचत नाही, भेगा रुंदावत नाहीत, आणि पाण्याच्या दोन पाळ्यांमधले अंतर वाढवता येते. कोरडवाहू रानात वेळेवर केलेली कोळपणी हेच काम करते: भेगा बुजतात, वरचा भुसभुशीत थर खालच्या ओलीवर झाकणासारखा बसतो आणि ती ओल वाऱ्याऐवजी मुळांना मिळते. आपल्या आजोबांनी हे हवामानशास्त्र न शिकता केले.

सप्टेंबरच्या अखेरीस सोयाबीन निघते आणि त्यानंतर पुष्कळ रान पुढच्या जूनपर्यंत उघडे पडते. त्याच वेळी शेजारच्या एखाद्या वावरात शाळूची पेरणी होते. जानेवारीत पहाटे त्या वावराच्या बांधावर उभे राहिले तर शाळूच्या पानांवर दव जमलेले दिसते, आणि उघड्या रानातली ढेकळे मात्र कोरडी असतात. पीक स्वतः सोडलेली वाफ रात्री गारठ्यात काही अंशी पुन्हा आपल्याच पानांवर उतरवून घेत असते. त्या दवातले काही थेंब हस्ताच्या पावसाचे असतात.